सांत्वनाचे ग्रंथ : माणिकपूर आणि वसई प्रांतातील ख्रिस्ती पुराणपरंपरा

वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेस असलेल्या माणिकपूर गावी महादूत संत मायकल याच्या नावाने चर्च स्थापन झाले ते १६०६ साली. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, म्हणजे १६१६ मध्ये, गोव्याच्या साष्टी महालातील रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून बाहेर पडले. ह्या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही. तथापि त्या एकाच पिढीच्या जीवनात घडल्या, आणि दोन्हींचा संबंध एकाच प्रकारच्या माणसांशी होता. जुना धर्म सोडून नव्या धर्मात आलेली, परंतु भाषेने, शेतीभातीने, नात्यागोत्याने आणि गाण्याबजावण्याने पूर्वीसारखीच राहिलेली मराठी माणसे माणिकपुरातही होती आणि रायतूरच्या आसपासच्या खेड्यांतही होती. त्यांना बांधून दिलेल्या मंदिराचा इतिहास लिहिणे तुलनेने सोपे आहे. दगडचुना, देणग्या, जीर्णोद्धार ह्यांच्या नोंदी असतात. त्यांच्या मनाला काय देण्यात आले, आणि जे हिरावून घेण्यात आले त्याची भरपाई झाली की नाही, हा प्रश्न अवघड आहे. प्रस्तुत निबंधात त्या प्रश्नाचा विचार ग्रंथांच्या आधारे केला आहे.

प्रारंभीच नावाचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. स्टीफन्स यांची साष्टी ती गोव्यातील. वसईच्या खाडीपलीकडील, ठाणे ते वांद्रे पसरलेली साष्टी ती निराळी. ह्या दोन साष्टींची गल्लत जुन्या लेखनात वारंवार झालेली आढळते. सतराव्या शतकात मात्र दोन्ही साष्ट्या आणि वसई प्रांत हे एकाच पोर्तुगीज राजसत्तेखाली आणि धर्मकारभाराच्या दृष्टीने गोव्याच्या एकाच आर्चबिशपांच्या अधिकाराखाली होते. गोव्यात जो ठराव होई त्याचा अंमल उत्तर कोकणापर्यंत पोचत असे, आणि गोव्यात जो ग्रंथ मान्य होई तो उत्तरेकडेही मान्य ठरे.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या अखेरीस तहान्वये वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. त्यानंतर फ्रान्सिस्कन आणि मागाहून जेझुइट संघाच्या धर्मोपदेशकांनी ह्या भागात काम मांडले. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा १५९७ मध्ये जपानातील नागासाकी येथे क्रुसावर मरण पावला, एवढ्यावरून ह्या समाजाची नव्या धर्मातील दुसरी-तिसरी पिढी किती दूरवर गेली होती हे ध्यानात येते. परंतु सर्वसामान्य शेतकरी, कोळी, भंडारी यांची स्थिती वेगळी होती. गोव्यातील १५६७ च्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने जुन्या धर्माचे उपदेशक आणि त्यांचे ग्रंथ ह्यांना पोर्तुगीज मुलखात थारा राहू नये अशा आशयाचे ठराव केले. त्याआधीच, १५५९ मध्ये, नव्याने ख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मण तरुणाने एका विद्वान ब्राह्मणाच्या संग्रहातील पोथ्या मिशनऱ्यांच्या हाती दिल्याचा उल्लेख लुईस फ्रोइस ह्या जेझुइटाच्या पत्रव्यवहारात येतो. त्या पोथ्यांचा उपयोग खंडनासाठी करण्यात आला. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात जी रोमन लिपीतील मराठी व कोकणी हस्तलिखिते विसाव्या शतकात अभ्यासकांच्या नजरेस आली, त्यांत रामायण-महाभारताच्या कथांबरोबर साष्टीतील केळशीच्या कृष्णदास शामा याची १५२६ च्या सुमाराची ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ही आहे. ज्यांनी ह्या पोथ्या जनतेपासून दूर केल्या त्यांनीच त्या उतरून घेतल्या, आणि म्हणून त्या वाचल्या. इतिहासाचे असे व्यवहार पुष्कळदा विचित्र असतात.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. ज्या समाजात लिहिता-वाचता येणारे थोडे, त्यात पुराण म्हणजे पुस्तक नव्हे. पुराण म्हणजे संध्याकाळची वेळ, अंगणात किंवा देवळाच्या सभामंडपात जमलेली माणसे, सांगणारा एक आणि ऐकणारे अनेक, मध्येच कोणी विचारलेली शंका, आणि ओळखीच्या कथेतील ओळखीच्या ठिकाणी डोळ्यांना येणारे पाणी. घरातील मृत्यू, अवर्षण, कर्ज, परचक्र ह्यांतून जाणाऱ्या माणसाला सीतेचा किंवा हरिश्चंद्राचा शोक ऐकताना स्वतःच्या शोकाला आकार मिळतो. भारतीय साहित्यशास्त्राने करुणरसाच्या आस्वादाची जी मीमांसा केली आहे तिच्या मुळाशी हाच अनुभव आहे, आणि ॲरिस्टॉटलनेही शोकांतिकेच्या संदर्भात अशाच अनुभवाचा विचार केला. पुराणबंदी झाली तेव्हा केवळ देवतांची नावे गेली नाहीत. हा सारा व्यवहारच बंद पडला.

उत्तर कोकणात ग्रंथाच्या द्वारे खचलेल्या समाजाला सावरण्याची कल्पना पोर्तुगीजांच्या पूर्वीपासून होती, याचा पुरावा महिकावतीच्या बखरीत आहे. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ह्या बखरीचा जुना भाग केशवाचार्याने शके १३७०, म्हणजे इ. स. १४४८, च्या सुमारास रचला. राज्य गेले, आचार सुटले, कुळे विस्कटली, अशा अवस्थेत मालाडच्या नायकोराव देसल्याच्या पुढाकाराने लोक एकत्र करून त्यांना त्यांची वंशपरंपरा आणि धर्म सांगण्यात आला, असे त्यात वर्णन आहे. राजवाड्यांनी ह्या बखरीतून राजकीय इतिहास काढला, आणि ते योग्यच झाले. पण सभेत वाचून दाखविण्यासाठी रचलेला, हरवलेपणाच्या भावनेवर उतारा म्हणून योजलेला ग्रंथ ह्या दृष्टीनेही तिच्याकडे पाहता येते. बखरीचा नंतरचा भाग शके १५०० चा, म्हणजे १५७८ चा, आहे. त्या वेळी वसईत पोर्तुगीज अंमलाला चव्वेचाळीस वर्षे होऊन गेली होती.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातला. कॅथलिक असल्यामुळे स्वदेश सोडून ते रोमला गेले, जेझुइट संघात आले, आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यास उतरले. त्यांनी वडिलांना लिहिलेले प्रवासवर्णनपर पत्र पुढे हॅकलूटच्या संग्रहात छापले गेले. १५८३ मध्ये भावास लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांसारखी असल्याचे त्यांनी नमूद केले आहे. सर विल्यम जोन्स यांनी हा विषय १७८६ मध्ये मांडण्याच्या दोन शतके आधीचे हे निरीक्षण आहे. ज्या वर्षी हे पत्र लिहिले त्याच वर्षी जुलै महिन्यात साष्टीतील कुंकळ्ळी येथे गावकऱ्यांनी पाच जेझुइटांचा वध केला. त्यांत रोदोल्फो आक्वाविव्हा होते. अकबराच्या दरबारी गेलेल्या पहिल्या जेझुइट मंडळाचे ते प्रमुख. देवळे पाडल्याचा क्षोभ ह्या कृत्यामागे होता, आणि नंतर पोर्तुगीजांनी गावकऱ्यांच्या पुढाऱ्यांचा घेतलेला सूडही तितकाच निष्ठुर होता. मृत सहकाऱ्यांचे देह मिळवून त्यांची उत्तरक्रिया करण्याच्या कामी स्टीफन्स होते. ज्या लोकांच्या हातून आपले मित्र मारले गेले त्याच लोकांच्या भाषेत आणि छंदात हा मनुष्य पुढे तीस-पस्तीस वर्षे मुरत गेला, ही गोष्ट ‘क्रिस्तपुराणा’च्या वाचकाने विसरू नये.

ग्रंथाची निर्मिती कशी झाली हे स्टीफन्स यांनी पहिल्या पुराणाच्या पहिल्याच अवस्वरूत सांगितले आहे. (अवस्वरू म्हणजे अध्याय.) साष्टीतील एका चर्चमध्ये रविवारी दुपारी मुलामुलींना ख्रिस्ती सिद्धान्तांचे पाठ दिले जात असता एक धर्मांतरित ब्राह्मण तेथे येतो. हे पाठ उत्तम आहेत, असे मान्य करून तो पाद्री गुरूंना विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे आपण वर्ज्य केली आहेत; मग त्यांच्या जागी तशीच दुसरी पुराणे आम्हांस का देत नाही? लोकांचा वेळ जावा, मन रमावे, असे काही आमच्यापाशी उरलेले नाही, असा त्याच्या बोलण्याचा भाव आहे. ही संपूर्ण योजना काव्यातील संकेत असू शकेल. श्रोत्याच्या प्रश्नावरून पुराणाला आरंभ करणे ही तर जुनीच रीत. परंतु संकेत असला तरी त्यातील कबुली संकेताची नव्हे. सत्तेने जो रितेपणा निर्माण केला त्याचे वर्णन त्या सत्तेच्या आश्रयाने छापलेल्या ग्रंथात, आणि तेही तक्रार करणाऱ्याच्या तोंडून, छापून आले आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांतील मिशनरी वाङ्मयात असा प्रांजळपणा क्वचितच दिसतो.

प्रश्न विचारणारा माणूस श्रद्धेविषयी शंका काढीत नाही, हेही ध्यानात घ्यावे. त्याला सिद्धान्त मिळाला आहे आणि तो त्याने पत्करला आहे. त्याला हवी आहे कथा. प्रश्नोत्तररूपाने पाठ केलेला सिद्धान्त बुद्धीला उत्तर देतो. ज्याचे मूल दगावले आहे किंवा ज्याचा भाऊ जुन्याच धर्मात राहिल्यामुळे पंक्तीला परका झाला आहे, त्याच्या मनाला तो पुरेसा होत नाही. स्टीफन्स यांनी स्वतः प्रश्नोत्तररूप ‘दौत्रीन क्रिस्तां’ लिहिली होती (ती त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापली गेली), म्हणून दोहोंमधील अंतर त्यांना चांगले ठाऊक असणार.

ग्रंथाची व्याप्ती मोठी आहे. पहिल्या पुराणात छत्तीस अवस्वरू असून जगदुत्पत्तीपासून ख्रिस्तजन्मापूर्वीची बायबलातील कथा येते. दुसऱ्यात एकोणसाठ अवस्वरूंत ख्रिस्तचरित्र आहे. एकूण ओव्या सुमारे अकरा हजार. छंद ओवीचा, तोच जो ज्ञानेश्वरांपासून एकनाथांपर्यंत चालत आला. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत १५८४ मध्ये सिद्ध केली तेव्हा स्टीफन्स गोव्यात येऊन पाच वर्षे झाली होती. दोघे समकालीन होते, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या इतिहासात सहसा जोडून सांगितली जात नाही. ग्रंथारंभीच्या गद्य निवेदनात स्टीफन्स म्हणतात की, ग्रंथ मराठीत लिहिला असला तरी शुद्ध मराठी मध्यम प्रतीच्या लोकांस कळत नाही, म्हणून अनेक अवघड शब्द टाकून ब्राह्मणी भाषेतील सोपे शब्द मिसळले आहेत. मराठीच्या गौरवाच्या त्यांच्या ओव्या सर्वतोमुखी झाल्या. हे व्यावहारिक निवेदन मात्र दुर्लक्षित राहिले. भाषेची स्तुती करणे परकीयालाही जमते. आपल्या श्रोत्यांपैकी कोणाला काय कळणार नाही ह्याचा विचार करून स्वतःच्या आवडत्या शब्दांना कात्री लावणे, हे त्या श्रोत्यांमध्ये दीर्घकाळ बसल्यावाचून येत नाही.

शब्दयोजनेतही हेच दिसते. इगर्ज, पाद्री, बाप्तिस्मा अशा थोड्या परिभाषा परक्या राहिल्या. परंतु स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द आला, आणि भक्त, गुरू, मुक्ती, पुराण हे शब्द त्यांच्या सर्व जुन्या संस्कारांसह आले. जो श्रोता लहानपणी वैकुंठ हा शब्द आजीच्या तोंडून ऐकत आला, त्याला नव्या धर्मात तो पुन्हा भेटला. ह्यात मिशनऱ्याचे धोरण होते, ह्यात शंका नाही. परंतु शब्द एकदा दिला की त्याचा अर्थ देणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. त्याच ग्रंथात जुन्या देवतांची आणि मूर्तिपूजेची निर्भर्त्सनाही आहे, आणि ती सौम्य नाही. ‘क्रिस्तपुराणा’ला सर्वधर्मसमन्वयाचा ग्रंथ म्हणणारे काही आधुनिक वाचक ह्या भागांकडे डोळेझाक करतात, तसे करणे इतिहासाला धरून नाही. जे साहचर्य ग्रंथाच्या शब्दांत आहे ते त्याच्या मतांत नाही, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

ग्रंथाचे सामर्थ्य सर्वांत अधिक प्रत्ययास येते ते दुःखभोगाच्या कथेत. क्रुसाखाली उभ्या असलेल्या मरियेचा विलाप हा मराठी करुणकाव्याच्या परंपरेत सहज सामावणारा भाग आहे. ही आई लॅटिन प्रार्थनेतील दूरची स्वर्गराणी नाही. कोकणातील एखादी बाई मुलाच्या शवाशेजारी बसून जशी त्याच्या बाळपणाच्या आठवणी काढून रडेल, तशा रीतीने तिचा शोक उलगडत जातो. ज्या स्त्रियांना स्वतःच्या दुःखाचा उच्चार करण्यास चर्चमधील लॅटिन विधींत जागा नव्हती, त्यांना येथे ती मिळाली असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

पहिल्या मुद्रणानंतर १६४९ आणि १६५४ मध्ये ह्या पुराणाच्या आवृत्त्या निघाल्या, आणि रविवारी व सणांच्या दिवशी उपासनेनंतर चर्चमध्ये त्याचे वाचन होई. ह्याच परंपरेत एतिएन द ला क्रुवा यांचे संत पीटरवरील पुराण आणि आंतोनियो साल्दान्य यांचे संत अंतोनीचे चरित्र येते. पुढे काळ पालटला. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने स्थानिक भाषांचा वापर तीन वर्षांत बंद करून सर्वांनी पोर्तुगीज बोलावी असे फर्मान काढले. फर्मानाने घराघरातील भाषा बदलली नाही. परंतु पुराणाला मिळणारा राजाश्रय मात्र संपला. छापील पुराणे इतकी दुर्मिळ झाली की, आज त्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही प्रत उपलब्ध नाही.

मग ते टिकले कसे? हाताने उतरून. गोव्यातून दक्षिणेकडे, कानडा जिल्ह्यात, स्थलांतर केलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी रोमन लिपीतील नकला पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने कानड्यातील ख्रिस्ती लोकांना बंदी करून श्रीरंगपट्टणास नेले, आणि १७९९ मध्ये त्याच्या पतनानंतर उरलेल्यांची सुटका झाली. त्या पंधरा वर्षांच्या बंदिवासात, धर्मगुरूंच्या अभावी, ‘क्रिस्तपुराणा’च्या पठनाने लोकांना धीर मिळाला अशी मंगळुरी ख्रिस्ती समाजातील परंपरा आहे. परंपरेला कागदोपत्री पुराव्याचे वजन देता येत नाही. परंतु एखाद्या समाजाने आपल्या सर्वांत दारुण आठवणीशी कोणते पुस्तक बांधून ठेवले, हीदेखील इतिहासाची साक्षच होय. जोसेफ साल्दान्य यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे पुराणाची जी आवृत्ती काढली ती अशाच हस्तलिखितांवरून. बोएथियसने ‘तत्त्वज्ञानाचे सांत्वन’ कारागृहात लिहिले. येथे लिहिणारा मोकळा होता आणि वाचणारे बंदिवान होते.

आता पुन्हा वसईकडे वळावयास हवे. उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजाचा स्वतःचा म्हणावा असा पुराणग्रंथ निराळा आहे. फ्रान्सिस्कु व्हाझ द गिमारांयश ह्या धर्मगुरूने चार शुभवर्तमानकारांना अनुसरून ख्रिस्ताच्या अत्यंत दुःखमय मृत्यूचे व यातनांचे आख्यान रचले. लिस्बन, १६५९ असा त्याच्या मुद्रणाचा निर्देश मिळतो, आणि मुंबईत १८४५ मध्ये ते पुन्हा छापले गेले. लिपी रोमन, शीर्षक पोर्तुगीज, आणि भाषा मात्र वसई-साष्टी-मुंबई पट्ट्यातील बोलीची. पंडितांनी ह्या भाषेला ओबडधोबड म्हटले आहे, आणि स्टीफन्स यांच्या संस्कृतप्रचुर ओवीशेजारी ठेवले असता ती तशी दिसतेही. परंतु टीकेचा हा मापदंड येथे गैरलागू आहे. स्टीफन्स यांनी शिष्ट मराठी खाली आणली. व्हाझ यांनी श्रोत्यांच्या अंगणातील भाषाच वर उचलली. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात हे पुराण गाण्याची चाल मुंबई-वसईकडील ख्रिस्ती घरांत पुढे दीर्घकाळ राहिली. मुद्दाम लक्षात घ्यावे असे हे की, संपूर्ण ख्रिस्तचरित्रातून ह्या समाजाने आपलेसे केले ते दुःखभोगाचे आख्यान.

ह्या निवडीला वसईच्या इतिहासात कारणे सापडतात. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज अधिकारी, सरदार आणि युरोपीय धर्मगुरू निघून गेले. वेढ्याच्या वर्षांत अनेक चर्चची हानी झाली. धर्मसेवेचा भार पुढे मुख्यतः गोव्याकडील देशी धर्मगुरूंवर पडला. ज्यांच्या नावाने हा समाज ‘फिरंग्यांचा’ म्हणून ओळखला जाई, ते गेले आणि समाज मात्र जमिनीला धरून राहिला. विजेत्यांशी त्याचे भाषेचे नाते होते, पराजितांशी धर्माचे. अशा अवस्थेतील मनुष्य दोहोंकडे परका असतो. त्याला तो कोण आहे हे सांगणारे साधन राजदरबारात नव्हते. आणि चर्चमधील उपासना लॅटिनमध्ये होती. माणिकपूरच्या वेदीपाशी धर्मगुरू जे म्हणे ते पवित्र होते, पण शेतकऱ्याला कळत नव्हते. जे कळत होते ते घरी गायले जाणारे पुराण, लग्नातील गाणी आणि मृतासाठी म्हटलेल्या प्रार्थना. मराठी आणि ख्रिस्ती ह्या दोन शब्दांत विरोध नाही, ही गोष्ट त्या समाजाला कोणी युक्तिवादाने पटवून दिली नाही. दरवर्षी उपवासकाळात गाऊन गाऊन ती त्याच्या अंगवळणी पडली.

ह्या वाङ्मयाकडे ख्रिस्तेतर मराठी अभ्यासकांचे लक्ष वळले ते विसाव्या शतकात. लंडनमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित जस्टिन ॲबट यांनी १९२० नंतरच्या काही वर्षांत प्रकाशात आणले. त्यातील भाषा रोमन प्रतींहून अधिक संस्कृतनिष्ठ असल्याने मूळ पाठ कोणता, हा वाद तेव्हापासून चालू आहे. अ. का. प्रियोळकर यांनी गोमंतकातील मुद्रण आणि ख्रिस्ती मराठी वाङ्मय ह्या विषयाला आयुष्य वाहिले. हिंदुस्थानातील मुद्रणकलेवरील त्यांचा ग्रंथ १९५८ चा, आणि गोव्यातील इन्क्विझिशनवरील १९६१ चा. एकाच लेखकाने एका बाजूने धर्मसत्तेच्या अत्याचारांचा पाढा वाचावा आणि दुसऱ्या बाजूने त्याच धर्माच्या कवीचे शब्द वेचून ठेवावेत, यात विसंगती नाही. उलट, दुसऱ्याला समजून घेणे म्हणजे त्याच्याविषयीची तक्रार मागे घेणे नव्हे, याचे हे चांगले उदाहरण आहे. शांताराम बंडेलू यांची पुण्याहून निघालेली देवनागरी आवृत्ती १९५६ ची. तिच्यामुळे सामान्य मराठी वाचकाला हे पुराण प्रथमच आपल्या लिपीत वाचता आले. पुढे कारिदाद द्रागो (१९९६) आणि नेल्सन फलकाव (२००९) ह्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी नव्या आवृत्त्या सिद्ध केल्या.

वसईच्या दृष्टीने निर्णायक दिनांक ४ डिसेंबर १९६३ हा आहे. त्या दिवशी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक घटना संमत केली आणि लोकभाषांना वेदीपर्यंत वाट मोकळी झाली. त्यानंतर माणिकपुरासह वसईच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीतून होऊ लागली. जे काम साडेतीनशे वर्षे पुराणाने चर्चच्या बाहेर, अंगणात केले, ते आता चर्चच्या आत होऊ लागले. पुराण गाण्याची गरज ह्यामुळे कमी झाली. एका ग्रंथप्रकाराचा अंत त्याच्या यशामुळे झाला असे म्हणावे, तर रेडिओ, नोकरीसाठी मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या आणि इंग्रजी शाळा हीही कारणे त्यात मोजावी लागतील.

ह्या नव्या काळातील वसईचा प्रातिनिधिक ग्रंथकार म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४). जन्म वसई तालुक्यातील नंदाखालचा. १९८३ ते २००७ ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. धर्मसभेचे म्हणून निघालेले हे नियतकालिक त्यांच्या हाती मराठी वाङ्मयीन जगाशी संवाद करणारे झाले. वसईतील जमिनी, पाणी आणि झाडे ह्यांच्या रक्षणासाठी झालेल्या हरित वसईच्या लढ्यातही ते अग्रभागी होते. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादेमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला. बायबलाची मराठी भाषांतरे एकोणिसाव्या शतकापासून झाली होती. पंडिता रमाबाईंनी तर मूळ हिब्रू व ग्रीकवरून आपले भाषांतर आयुष्याच्या अखेरपर्यंत चालविले. परंतु ती भाषांतरे बहुधा ख्रिस्ती वाचकालाच उद्देशून होती, आणि त्यांची एक वेगळी, घराबाहेर न पडणारी मराठी तयार झाली होती. दिब्रिटो यांचा वाचक शेजारचा होता: ज्याने चर्च बाहेरून पाहिले आहे, नाताळचा गोडधोड फराळ खाल्ला आहे, पण शेजाऱ्याच्या मनात काय चालते हे ज्याला विचारावेसे वाटूनही विचारता आलेले नाही. म्हणून त्यात प्रास्ताविके आहेत, भूगोल आणि चालीरीतींची स्पष्टीकरणे आहेत, आणि मराठी संतांच्या वाचकाला परकी वाटणार नाही अशी भाषा आहे.

अशा वाचकाची वाट दिब्रिटो यांच्या आधी एका स्त्रीने तयार केली होती, हे येथे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि त्यामुळे ताटातूट सोसलेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’नी धर्मांतर म्हणजे एका घरात काय घडते ते मराठी वाचकांना १९३० नंतरच्या दशकात दाखविले. त्यात वाद नाही, मंडन नाही. सोवळेओवळे, भूक, मत्सर, हसू आणि हळूहळू वितळत जाणारा दुरावा आहे. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्यही लक्ष्मीबाईंनीच पुरे केले. स्टीफन्स यांच्यानंतर तीनशे वर्षांनी ख्रिस्तकथा पुन्हा ओवीत आली, आणि ह्या वेळी ती देशी मनुष्याने, कोणाच्या आज्ञेवाचून, आणली.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिब्रिटो यांच्याकडे आले. ह्या पदावर बसणारे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. निवडीनंतर विरोधाचे सूरही उठले. धर्मगुरूने मराठी सारस्वताचे प्रतिनिधित्व कसे करावे, असा त्यांचा रोख होता. ज्या भाषेत १६१६ मध्ये एका परदेशी धर्मगुरूचे अकरा हजार ओव्यांचे पुराण छापले गेले, तिच्या संमेलनाबाबत हा प्रश्न २०२० मध्ये विचारला जावा, ह्यावरून ग्रंथांचे छापले जाणे आणि वाचले जाणे यांत किती अंतर पडते ते दिसते.

माणिकपूरचे रूप ह्या काळात पालटून गेले. नवघर-माणिकपूर नगरपालिका २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिकेत विलीन झाली. भातशेते, वाड्या आणि बावखले यांच्या जागी इमारती आल्या, आणि देशाच्या सर्व भागांतून आलेली माणसे संत मायकलच्या चर्चभोवती राहू लागली. स्टीफन्स यांच्या काव्यातील प्रश्नकर्ता ब्राह्मण चर्चच्या आत उभा राहून आपल्या लोकांसाठी पुराण मागत होता. दिब्रिटो यांनी ज्याच्यासाठी बायबल सोपे केले तो प्रश्नकर्ता रस्त्याच्या पलीकडच्या इमारतीत राहतो, आणि त्याची मातृभाषा पुष्कळदा मराठी नसते.